‘हे ब्लॅक मेटल नव्हेच!’

ताई,

मी नाशिकला असतो, वय २६, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. आम्हा हेवी मेटल ऐकणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. नाशिक, पुणे, ठाण्याची मंडळी आणि दोघं-तिघं परदेशातली. तो सुरू केला आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसानं. पन्नाशीला आलेत, आम्ही त्यांना दादा म्हणतो. मला मेटल पहिल्यांदा ऐकवलं ते त्यांनीच, त्यांच्या घरी बसवून.

गेल्या महिन्यात ग्रुपवर नवीनच आलेल्या एका मुलीनं डेफहेवन या अमेरिकन बँडचा ‘सनबेदर’ टाकला आणि लिहिलं, ‘गेल्या पंधरा वर्षांतला सगळ्यात भारी ब्लॅक मेटल अल्बम.’ दादांनी लगेच लिहिलं, ‘हे ब्लॅक मेटल नव्हेच. पोझर, नुसता आव आणणाऱ्या लोकांचं गुलाबी संगीत आहे. तू आधी खऱ्या ब्लॅक मेटलचे तीन अल्बम सांग.’ मी मध्ये पडलो. रात्री उशिरापर्यंत आमचं चाललं. मी लिंकांवर लिंका टाकल्या, ते एकेका ओळीत उडवून लावत होते. शेवटी मी लिहिलं, ‘दादा, तुमचा काळ संपला.’ ते ग्रुप सोडून गेले. कुणीतरी त्याचे स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर फिरवले. ती मुलगीही त्यानंतर काही लिहीत नाही.

आता अ‍ॅडमिन मी आहे. तीन गोष्टी विचारतो. बरोबर कोण होतं? ‘जॉनरवर (म्हणजे संगीताच्या प्रकारावर) चर्चा बंद’ असा नियम करू का? आणि दादांना परत कसं आणू?

— अ.

प्रिय अ.,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस.

ब्लॅक मेटल मोजायची दोन मापं आहेत, आणि त्या रात्री तुम्ही दोघं एकेक धरून बसला होतात. एक आवाजाचं. गिटारवर सूर अतिवेगानं, थरथरत, न थांबता छेडत राहायचे. ड्रमवर ब्लास्ट बीट, म्हणजे अतिजलद ठोक्यांचा मारा. वर घसा फाडून किंचाळणं. या मापानं ‘सनबेदर’ला ब्लॅक मेटलच्या घराबाहेर काढता येत नाही. ‘ड्रीम हाउस’ हे पहिलं गाणं सुरू झालं की पहिली काही मिनिटं हे तिन्ही हजर असतात. पण तेच गाणं पुढे शांत होतं, एकटी स्वच्छ गिटार वाजत राहते, आणि मग सगळा बँड हळूहळू वर चढत जातो. ही चढण पोस्ट-रॉक या रॉकच्या वाद्यप्रधान प्रकाराची आहे. सुरावट उजळ आहे, सुरांवर जी धुक्याची साय आहे ती ब्रिटनमधल्या शूगेझ या धूसर गिटारांच्या रॉक प्रकाराची, माय ब्लडी व्हॅलेंटाइनसारख्या बँडची. ‘इररेझिस्टिबल’मध्ये तर नुसती गिटार आणि पियानो, तिथे ब्लॅक मेटल औषधालाही नाही. या मिश्रणाला ब्लॅकगेझ म्हणतात, आणि ते काही डेफहेवननं शोधलेलं नाही. फ्रान्सचा आल्सेस्ट २००७ सालच्या पहिल्याच अल्बमात या वाटेवर होता. ‘सनबेदर’ आला २०१३ साली.

दुसरं माप वृत्तीचं. दादांच्या पिढीला ब्लॅक मेटल म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं नॉर्वे. ख्रिस्ती धर्माशी उघड वैर, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेलं ध्वनिमुद्रण, तोंडाला प्रेताचा रंग, लोकप्रियतेचा तिटकारा. हा सगळा देखावा नव्हता. १९९२ साली बर्गनजवळचं फान्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं, त्यामागून आणखी चर्चेस, आणि त्या वर्तुळातल्या काहींना खून आणि जाळपोळीसाठी तुरुंगवासही झाला. (त्या संगीतावर प्रेम करणाऱ्या माणसानं हा भाग ‘तरुणपणीचा वेडेपणा’ म्हणून हसण्यावारी नेला की मला राग येतो. पण तो विषय वेगळा.) या मापानं डेफहेवन सपशेल नापास. सॅन फ्रान्सिस्कोची पोरं, रंग न फासलेली तोंडं, कव्हर गुलाबी, आणि अल्बमचा विषय काय, तर श्रीमंत वस्तीत उन्हात पहुडलेली एक मुलगी पाहून आपल्याला जे मिळालं नाही त्याची बोच. सैतान कुठेच नाही.

इथपर्यंत दादांचं म्हणणं ठीक. पण त्यांचंच माप त्यांच्याच कपाटावर लावून बघ.

या प्रकाराला नाव मिळालं ते व्हेनम या न्यूकॅसलच्या बँडच्या १९८२ सालच्या ‘ब्लॅक मेटल’ अल्बमवरून. तो अल्बम आज कुणा नवख्याला ऐकवला तर तो त्याला थ्रॅश म्हणेल नाहीतर स्पीड मेटल, म्हणजे मेटलचेच दुसरे प्रकार, आणि त्यांचं सैतानपूजन हे मुख्यतः नाटक होतं हे स्वतः बँडनंही लपवलेलं नाही. म्हणजे ज्यांच्यावरून नाव पडलं तेच दोन्ही मापांवर धड बसत नाहीत. नॉर्वेचा डार्कथ्रोन घे. दादांच्या तीन खऱ्या अल्बमांत त्यांचा एक नक्की असणार. त्यांचा १९९१ सालचा पहिला अल्बम चक्क डेथ मेटल, म्हणजे मेटलच्या दुसऱ्याच प्रकारचा आहे. १९९२ साली त्यांनी ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’ आणला तेव्हा त्यांच्या रेकॉर्ड कंपनीलाच हे काय आलं म्हणून धक्का बसला होता. आणि उल्व्हर! १९९५ सालचा ‘बेर्गटाट’. डोंगरात ओढून नेलेल्या मुलीची कथा, पाच अध्यायांत. त्यात किंचाळणं आहे, तसंच गंभीर समूहगान आहे, हळुवार अकूस्टिक गिटार आहे. सुंदर असायला लाजत नाही तो. नॉर्वेच्या त्या पंथातलाच हा बँड, ‘सनबेदर’च्या अठरा वर्षं आधी. पुढच्या वर्षी त्यांनी अख्खा अल्बम अकूस्टिक काढला, त्याच्या पुढच्या वर्षी अंगावर येणारा कच्चा ब्लॅक मेटल, आणि १९९८ साली इलेक्ट्रॉनिककडे निघून गेले. दादा यातल्या कशाला हाकलणार?

तेव्हा माझा निकाल असा. ‘हा शंभर टक्के ब्लॅक मेटल नाही’ एवढं दादांचं बरोबर. ‘याचं ब्लॅक मेटलशी नातंच नाही’ असं सुचवणं चूक. तू लिंका टाकून सिद्ध करत होतास ते नातं. त्यांनी नाकारला तो त्या नावावरचा हक्क. उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांना चालली होती, त्यामुळे पहाट झाली असती तरी ते भांडण संपलं नसतं. ‘सगळ्यात भारी’ हा तिसराच प्रश्न, आणि त्याला तर दोघांपैकी कुणी हातही लावला नाही.

आता जरा दादांकडून बघ. ‘तुमचा काळ संपला’ हे वाक्य इतकं का लागलं असेल?

ते शाळा-कॉलेजात असताना हे संगीत मिळायचं कसं, याची तुला ऐकीव माहिती असेल. दुकानात मेटलच्या मोजक्या कॅसेटी. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान, जे २०१६ साली बंद झालं, तिथवर जायचं तर नाशिकहून एक दिवस आणि गाडीभाडं. बाकी सगळं मित्राच्या मित्राकडून कॅसेट भरून घेणं. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव आणि मुंबईच्याच धोबी तलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह, तिथे कुणीतरी नाव सांगायचं आणि ते नाव वहीत उतरून यायचं. महिन्याच्या पैशांत एक कॅसेट बसायची. चुकीची घेतली तर पुढचा महिनाभर तीच ऐकायची. त्या माणसाला ‘हे ब्लॅक मेटल आहे का?’ हा प्रश्न पैशांचा होता रे. एखाद्या अल्बमचा प्रकार अचूक सांगू शकणारा मित्र म्हणजे तुमचे पैसे वाचवणारा मित्र. दादांनी ती पारख वर्षानुवर्षं कमावली आणि लोक त्यांना त्यासाठी मान देत होते.

तुला मात्र चुकायला काहीच लागत नाही. आवडलं नाही, पुढचं गाणं. तुझ्या फोनवर प्रकाराचं नाव म्हणजे ‘हे आवडलं तर तेही ऐका’ असं सांगणारी पट्टी. ती चुकली तर बिघडतं काय? म्हणून तुला त्यांचा आग्रह हट्टीपणा वाटतो, आणि त्यांना तुझी सैल व्याख्या बेफिकिरी वाटते. त्यात तू म्हणालास काळ संपला. त्यांनी ते असं वाचलं असणार की तुमच्या पारखीची आता कुणाला गरज नाही. खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्यही आहे, आणि ते त्यांना तुझ्याआधी कळलेलं असणार. म्हणूनच लागलं.

पण अ., तुझं पत्र मी परत वाचलं तेव्हा मला दादांपेक्षा दुसऱ्याच कुणाची काळजी वाटली. दादांवर तू अर्धं पत्र लिहिलंस. त्या मुलीवर एक ओळ: ‘ती मुलगीही त्यानंतर काही लिहीत नाही.’

अल्बम तिनं टाकला होता. पोझर तिला म्हटलं गेलं. ‘तीन अल्बम सांग’ ही परीक्षा तिची घेतली. तू मध्ये पडलास आणि मग भांडण तुझं आणि दादांचं झालं, तिच्या डोक्यावरून, रात्रभर. तिनं काय ऐकलं, तिला तो का आवडला, हे तू तरी विचारलंस का? तुझ्या पत्रात तसं काही नाही.

आणि तो ‘तीन अल्बम सांग’ प्रश्न. मेटल ऐकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलीला तो कधी ना कधी विचारला गेलेला असतो. बँडचा टी-शर्ट घातला की विचारतात, मैफलीच्या रांगेत विचारतात. दादांनी तुला तो विचारला होता का? तुला तर त्यांनी घरी बोलावून ऐकवलं होतं. एकाला ऐकवायचं आणि दुसरीची तोंडी परीक्षा घ्यायची, हा फरक त्यांना दिसला नसेल. तुलाही दिसला नाही. दिसला असता तर त्या रात्री तू लिहिलं असतंस, ‘दादा, मला ऐकवलंत तसं हिलाही ऐकवा की,’ आणि मला वाटतं भांडण तिथेच विरलं असतं.

म्हणून पहिला फोन किंवा निरोप तिला. ग्रुपवर नको, आणि ‘दादांच्या वतीनं सॉरी’ असलं काही नको. तू त्यांचा वकील नाहीस. सरळ लिही की तुझ्या अल्बमवरून आम्ही दोघं भांडत बसलो आणि तुला बोलायला जागाच ठेवली नाही, हे चुकलं. मग तिला कुठलं गाणं आवडलं ते विचार. ती उत्तर देईलच असं नाही. दिलं नाही तर मागे लागू नकोस.

दादांचं. त्यांना मेसेज करू नकोस, फोन कर, आणि जमलं तर जाऊन भेट. नाशकातल्या नाशकात आहेत ना? माफी फक्त त्या एका वाक्याची मागायची. अल्बमबद्दलचं मत मागे घेऊ नकोस, त्यांना ते खोटं वाटेल आणि तुला नंतर डाचेल. ते वाक्य सगळ्यांसमोर लिहिलं होतंस, तेव्हा ग्रुपवरही एक ओळ टाक: ‘दादांना मी जे वयावरून बोललो ते चूक होतं.’ पुढे ‘पण’ लावायचा नाही. ‘पण’ लावलास तर नवा स्क्रीनशॉट तयार.

त्या भेटीत त्यांना ग्रुपवर परत या म्हणू नकोस. त्यांनी स्वतः सुरू केलेल्या ग्रुपवर पोराच्या विनंतीवरून परतायचं, हे पन्नाशीच्या माणसाला अवघड जातं. त्यापेक्षा ‘बेर्गटाट’ तुमच्याकडे आहे का, एकदा मोठ्या स्पीकरवर ऐकायचा आहे, असं म्हण. एवढं म्हटलंस की पुढचे दोन तास ते बोलतील. डेफहेवनचा विषय त्यांनी काढला तर काढू दे.

त्या मुलीबद्दलही त्यांच्याशी बोलावं लागेल, पण त्याच दिवशी नाही. आपण माफी मागायला गेलो आणि येताना समोरच्याला त्याचा गुन्हा सुनावून आलो, असं झालं की दोन्ही वाया जातं. आठवड्यानं बोल, आणि तेव्हा गुळमुळीत बोलू नकोस. ‘दादा, तिला पोझर म्हणालात आणि ती गप्प झाली’ एवढं पुरे. तुझ्या वर्णनावरून माणूस तापट वाटतो, दुष्ट वाटत नाही.

राहिला नियम. ‘जॉनरवर चर्चा बंद’ असं अजिबात करू नकोस. मग त्या ग्रुपवर उरेल काय? लिंका आणि अंगठे. अल्बम कुठल्या प्रकारचा यावरून भांडणारी माणसं निदान अल्बम ऐकलेली असतात.

आणि नावं कुणीच गांभीर्यानं घेतली नाहीत की काय होतं तेही बघ. १९८९ साली ग्रॅमीत पहिल्यांदाच हार्ड रॉक आणि मेटल मिळून एक पुरस्कार ठेवला. मेटालिका ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ घेऊन स्पर्धेत, आणि पुरस्कार गेला जेथ्रो टलला, बासरी वाजवणाऱ्या इयन अँडरसनच्या बँडला. सभागृहात लोकांनी हुर्यो केली. जेथ्रो टलच्या कंपनीनं मग मासिकात जाहिरात दिली, बासरी हे जड धातूचंच वाद्य आहे अशा अर्थाची! पुढच्या वर्षी हार्ड रॉक आणि मेटल वेगळे केले. १९९२ साली मेटालिकाला ग्रॅमी मिळालं तेव्हा त्यांचा ड्रमर लार्स उलरिकनं जेथ्रो टलचे आभार मानले, या वर्षी अल्बम काढला नाहीत म्हणून. विनोद झाला खरा, पण मेटल ऐकणाऱ्यांची तक्रार रास्त होती. ज्यांना फरक ऐकू येत नव्हता ते निवाडा करत होते.

आपल्याकडेही हे भांडण नवं नाही. किशोरी आमोणकरांच्या गाण्यावर ‘हे जयपूर-अत्रौली नव्हे’ म्हणणारे जाणकार होते. त्यातले नुसते नाकं मुरडणारे सोडून दे. पण काहीजण नेमकं सांगायचे: या घराण्याची तान लयीला बिलगून, आवर्तन बांधत जाते, आणि इथे बाई आलापात रेंगाळताहेत, स्वराच्या भावाला लयीपेक्षा मोठी जागा देताहेत. हा आक्षेप मान्य नसला तरी तो ऐकून पुढच्या वेळी तान वेगळ्या कानानं ऐकली जाते. किशोरीताईंचं त्यानं काही बिघडलं नाही आणि ऐकणाऱ्याचा कान मात्र तयार झाला.

म्हणून बंदीऐवजी एक सवय लाव. कुणी ‘हे अमुक नव्हेच’ म्हणालं की अ‍ॅडमिन म्हणून तू विचारायचं, ‘कुठल्या गाण्यात, कितव्या मिनिटाला?’ उत्तर आलं तर चर्चा चालू. नाही आलं तर ते मत म्हणून ठेवायचं आणि पुढे जायचं. हाच प्रश्न ‘दशकातला सर्वोत्तम’ म्हणणाऱ्यालाही विचारायचा. तुझ्या लिंकांनाही तोच नियम: परदेशी समीक्षकानं लिहिलंय म्हणून काही सिद्ध होत नाही, तुझ्या कानाला काय आलं ते सांग. ‘पोझर’ आणि वय, हे दोन मात्र बंदच. आणि स्क्रीनशॉट कुणी फिरवले ते तुला बहुधा माहीत आहे. त्याला एकदा खाजगीत विचार. पुन्हा केलं तर काढून टाक, तिथे संकोच करू नकोस.

तू विचारलं नाहीस, पण विचारशील म्हणून माझं मत सांगते. ‘सनबेदर’ मला आवडतो, पण मोठ्या गाण्यांच्या मधले संथ तुकडे मी हल्ली ओलांडून पुढे जाते. ‘ड्रीम हाउस’ मात्र कधीच नाही. आणि ‘बेर्गटाट’ त्याच्यापेक्षा वरचा आहे. कितव्या मिनिटाला ते विचारलंस तर सांगेन.

— ताई